दोर सुटल्यावर गाणं कुणाचं?

नाशिकहून समुद्र गाठायचा तर आधी कसारा घाट उतरावा लागतो. तरीही इथल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात यंदा समूहगान ठरलं ते खलाशांचं, 'वेलरमन'. मुलांनी ते मोबाइलवर ऐकलेलं आणि बसवून घेतेय त्यांची संगीताची शिक्षिका. तिचा मामा अर्धं आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत काढून आता नाशिकला स्थायिक झालेला. तालीम ऐकून तो एवढंच म्हणाला, "आवाज छान लागलेत, पण हे दोराचं गाणं नव्हे." त्यावरून जो वाद रंगला, तो दोघांच्याच शब्दांत.

भाची : मामा, सगळं जग त्याला 'सी शँटी' म्हणतं. २०२० सालच्या डिसेंबरात नेथन इव्हान्स नावाच्या स्कॉटिश पोस्टमननं ते एकट्यानं म्हणून टिकटॉकवर टाकलं. अनोळखी माणसांनी त्यावर आपापले आवाज चढवले आणि मार्च २०२१मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. टाळेबंदीत घरोघरी अडकलेली माणसं एकत्र गायली. आणखी काय हवं?

मामा : काम हवं. शँटी हे कामाचं गाणं. 'वेलरमन' आहे गोष्टीचं गाणं. वेलर बंधूंनी १८३१मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावर देवमासे मारण्याचं ठाणं उभारलं. त्यांच्या जहाजातून रसद यायची, आणि ती आणणारी माणसं म्हणजे वेलरमन. गाण्यात एका देवमाशाच्या न संपणाऱ्या पाठलागाची कथा आहे. असलं गाणं काम आटोपल्यावर बसून ऐकायचं. दोर हातात असताना गोष्ट ऐकायला सवड कुणाला असते?

भाची : पण चाल तर पाय आपटायला लावते. ताल आहे, ध्रुपद आहे, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळी आहेत.

मामा : ताल लग्नाच्या बँडलाही असतो गं. असं बघ, शिडाचा आडवा वासा वर चढवायचाय. दहा-बारा माणसं एकाच दोराला लागलीत. सगळ्यांनी एकाच क्षणी हिसका दिला तर वासा हलणार, एकानं आधी न् दुसऱ्यानं नंतर दिला तर नुसते तळहात सोलणार. म्हणून म्होरक्या एक ओळ म्हणतो, तोवर हात सैल. मग सगळ्यांची ओळ येते, तिच्यात दोन ठिकाणी जोर असतो, आणि नेमका तिथेच दोर ओढायचा. नांगर उचलायची रीत वेगळी. कॅप्स्टन म्हणजे उभा रहाट समज. त्याला दांडे खोचून माणसं गोल गोल चालत राहतात, कधी कधी तासन् तास. तिथे हिसका नाही, म्हणून गाणं चालीचं आणि लांब ध्रुपदाचं. गळणाऱ्या जहाजातलं पाणी उपसायचा पंप, त्याचं आणखी तिसरंच. नुसतं गाणं ऐकून जुना खलाशी सांगायचा की हे कोणत्या कामाचं.

भाची : म्हणजे तुझ्या मते शँटी हे गाणं नाही, अवजार आहे.

मामा : अवजारच. आणि पैसे वाचवणारं अवजार. युद्धनौकांवर माणसं भरपूर असायची, तिथे ब्रिटिश नौदलात कामाच्या वेळी गाणं चालायचं नाही. हुकूम ऐकू यायला हवेत. व्यापारी जहाजाचा मालक मात्र कमीत कमी माणसं ठेवायचा. थोड्या माणसांकडून जास्तीची ताकद काढायची तर सगळ्यांचा जोर एका ठोक्यावर यायला हवा. तो ठोका गाण्यानं दिला.

भाची : बरं, मग मला मूळ सांग. हे गाणं आलं कुठून? कारण मी वाचलंय ते असं, की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत, मोबाइल आणि न्यू ऑर्लिन्स बंदरांत, जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या मोठ्या स्क्रूनं दाबून बसवणाऱ्या टोळ्या असायच्या. काळे मजूर, आयरिश मजूर, हिवाळ्यात उतरलेले खलाशी, सगळे एकत्र. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही रीत आफ्रिकी वंशाच्या मजुरांच्या गाण्यातून खलाशांनी घेतली. चाली आयर्लंडच्या, कॅरिबियन बेटांच्या, कधी लष्करी कूचगीतांच्या. ज्या गाण्याचा जन्मच धक्क्यावरच्या उसनवारीतून झाला, त्याला एका दोराला कसं बांधून ठेवणार?

मामा : उसनवारी मान्य. पण ती कुठून कुठे झाली बघ. गासडी दाबणाऱ्यांकडून दोर ओढणाऱ्यांकडे. एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे. गाणारा आणि घाम गाळणारा एकच होता. 'ड्रंकन सेलर' घे. फ्रान्सिस ओल्मस्टेडनं ते १८३९ सालच्या सफरीत देवमासे मारणाऱ्या जहाजावर ऐकलं आणि १८४१च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. त्या दारुड्याचं काय करावं याच्या युक्त्या त्यात एकामागून एक येतात. अर्थ विचारशील तर पोरकट. पण डेकवर दोर धरून पाय आपटत चालत सुटायचं, तर त्याहून चोख दुसरं नाही. शँटीचा अर्थ शब्दांत शोधू नये, तो ठोक्यात आहे.

भाची : इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार. ठोक्यातच सगळा अर्थ असता तर नुसतं 'हैसा हैसा' पुरलं असतं. शब्द हवेत कशाला? 'लीव्ह हर, जॉनी' हे सफर संपताना, शेवटचा पंप मारताना म्हणायचं गाणं. त्यात काय आहे? खराब अन्न, अपुरा पगार, कडक अधिकारी, गळकं जहाज. एरवी कप्तानापुढे तोंड उघडलं तर शिक्षा. पण गाण्यात म्हटलेलं सहसा खपवून घेतलं जायचं, कारण गाणं थांबलं तर काम थांबणार. मजुराला बोलायला मिळालेली ती एकच जागा होती. तुझ्या 'वेलरमन'मध्येही तेच. साखर, चहा, रम कधी येणार याची वाट. का? तर असल्या ठाण्यांवर मजुरी रोख मिळायची नाही, कपडे, दारू, तंबाखू अशा मालात मिळायची, आणि माल मालकाच्याच दुकानातला.

मामा : हे बरोबर आहे. ऊसतोडीच्या टोळीनं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि मग फेडत बसायचं, त्यातलाच प्रकार.

भाची : बघ! माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी ऊसतोड आहे. त्यांना मी 'वेलरमन' असं समजावलं तर ते त्यांचं गाणं होईल की नाही? दोर नसताना?

मामा : त्यांना समजेल, पण त्यांचं होणार नाही. अगं, मी इंजिनवाला माणूस. हे गाणं आमच्याच इंजिनानं संपवलं, म्हणून मला त्याचा हिशेब ठाऊक आहे. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझ कालवा उघडला. 'कटी सार्क'सारखं देखणं शिडाचं जहाज त्यानंतर पाचच दिवसांनी पाण्यात उतरलं. चीनचा चहा वेगानं आणायला बांधलेलं. पण कालव्याचा रस्ता आगबोटींचा, शिडाच्या जहाजाला तिथे वारा साथ देत नाही. वाफेच्या विंचनं शीड चढू लागलं, नांगर उचलू लागला, आणि ठोक्याची गरज संपली. मग आले संग्राहक. सेसिल शार्पनं १९१४मध्ये सॉमरसेटमधल्या वॉचेट गावच्या जॉन शॉर्ट या म्हाताऱ्या खलाशाकडून गाणी उतरवून घेतली आणि पियानोच्या साथीसह छापली. दोराच्या गाण्याला पियानो!

भाची : पियानोसकट का होईना, छापली म्हणून उरली ना?

मामा : चाली उरल्या. पण १९६१मध्ये स्टॅन ह्यूगिलचं जाडजूड पुस्तक आलं, त्याची तऱ्हा बघ. हा ब्रिटनच्या शेवटच्या मोठ्या शिडाच्या जहाजावर, 'गार्थपूल'वर, स्वतः गाणी सांगायचा. १९२९मध्ये ते केप व्हर्दे बेटांजवळ फुटलं. त्यानं प्रत्येक गाण्याबरोबर सांगितलं की हे कोणत्या कामाला, कुठे जोर द्यायचा, कोणत्या जहाजावर कसं बदलायचं. शार्पनं गाणं जपलं, ह्यूगिलनं गाण्याचं काम जपलं. माझा मुद्दा तेवढाच.

भाची : मग आपल्याकडे ये. आपल्या कोळीगीतांचं काय? तुझ्या कसोटीवर 'मी डोलकर' नापासच.

मामा : शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, हेमंतकुमार आणि लताबाईंचे आवाज. नापास कोण करणार? पण ते कोळ्याविषयीचं गाणं आहे, कोळ्याच्या कामातलं नाही. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खांबांना भरतीच्या तोंडाशी बांधतात. ओढ पाण्याची, माणूस फक्त बांधतो आणि पाणी थबकलं की उपसून घेतो. तिथे घाई वेळेची असते. भरती कुणासाठी थांबत नाही. त्या कामाचा ठोका आणि त्या गाण्याचा ठेका यांचा संबंध नाही. उलट मालवणच्या किनाऱ्यावर रापण बघ. होडीनं लांबलचक जाळं समुद्रात गोल टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे, आणि दोन रांगांनी माणसं ओढायला लागतात. म्हातारे, पोरं, सगळे. दोन्ही बाजू सारख्या वेगानं आल्या नाहीत तर मासळी निसटते. आलेल्या मासळीत ओढणाऱ्यांचा वाटा असतो. तिथल्या ओरडण्यात शँटीचा जीव आहे. त्याला ना चाल, ना कवी.

भाची : आणि म्हणून ते कुणी ऐकलंही नाही! मामा, तुझी कसोटी फार कडक आहे. शांताबाई पुणे जिल्ह्यातल्या, समुद्रापासून लांब वाढलेल्या. तरी कोळीवाड्यातल्या हळदींत ते गाणं वाजतं, बायका त्यावर नाचतात. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनीच ते घरात घेतलं. बाहेरच्यानं दिलेलं गाणंही आपलं होऊ शकतं, याहून मोठा पुरावा काय हवा?

मामा : नाचाचं झालं. कामाचं नाही झालं.

भाची : नाचही घामच काढतो! आणि समुद्राशी नातं सांगायला दोर लागतोच असं नाही. आपल्या नाशिकचंच बघ. सावरकर भगूरचे. 'सागरा प्राण तळमळला' त्यांनी १९०९मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलं. कुसुमाग्रजांचं घर नाशिकचं. 'कोलंबसाचे गर्वगीत' त्यांच्या १९४२च्या 'विशाखा'मधलं, पिढ्यान् पिढ्यांनी शाळेत म्हटलेलं. मराठीतल्या समुद्राच्या दोन सर्वांत मोठ्या कविता घाटावरच्या या गावाशी जोडलेल्या.

मामा : कविता थोर आहेत, माझ्याही पाठ आहेत. पण दोन्हींत समुद्राशी बोलणारा एकटा उभा आहे. एक त्याला आळवतो, दुसरा आव्हान देतो. शँटीत कुणी समुद्राशी बोलतच नाही. खलाशी शेजारच्या खलाशाशी बोलतो. कोलंबसाच्या गलबतावर शीड चढवणाऱ्यांचे आवाज त्या कवितेत नाहीत. आणि नाशिकचं समुद्राशी नातं शोधायचं तर कवितेच्याही मागे जा. पांडवलेण्यात जा.

भाची : लेण्यात?

मामा : तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, अशी बढाई त्यात आहे. ते राजाचं. मला दहाव्या लेण्यातला लेख जास्त आवडतो. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, त्याच्या दानांची यादी. तिच्यात दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्यानं लोकांसाठी फुकट नावांची सोय केल्याचं कोरलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्या नावा वल्हवत होतं. दान देणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं, वल्हवणाऱ्यांचं गाणं हवेत गेलं. मी रडतोय ते यासाठी.

भाची : रडतोस ते बरोबर, पण उपाय चुकीचा सांगतोस. कामाबरोबरच गाणं मरू द्यायचं असेल तर आपल्याकडे काही उरणार नाही. जात्यावरच्या ओव्या घे. गावोगाव पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जात्यासमोर न बसताही बायकांनी त्या सांगितल्या. भावाविषयी, माहेराविषयी, सासुरवासाविषयी. जातं थांबलं, तरी सांगायचं होतं ते उरलं होतं. आणि लग्नात हळदीला आजही जातं मांडतात, पूजतात, त्यावर गातात. कामातलं गाणं विधीत गेलं आणि जगलं.

मामा : ओवी मला मान्य, कारण ती जात्याच्या फेऱ्यावर तोललेली असली तरी तिच्यात एका बाईचं मन आहे. पण ती एकीची, फार तर दोघींची. मोटेवरचं गाणंही तसंच. तुझ्या आजोबांच्या मळ्यात मी मोट बघितली आहे. बैलजोडी धावेवरून खाली उतरते, नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. मग बैल मागे येतात. मोटकरी गातो ते उतरताना, बैलांना चाल सापडावी म्हणून, आणि एकट्याला पहाट काढायची असते म्हणूनही. डिझेलचं इंजिन आलं, मग विजेचा पंप आला, आणि मोट गेली. सुएझची गोष्टच विहिरीवर घडली. शँटीच्या सर्वांत जवळचं आपलं गाणं म्हणजे भलरी. पीक काढायला ओळीनं माणसं लागायची, एक सांगायचा, बाकीचे झेलायचे, विळे एका चालीनं चालायचे. आता कांदा लावणाऱ्या बायकांच्या बांधावर मोबाइल वाजतो.

भाची : आणि त्यात तू वाईट मानतोस. पण त्या बायका त्याच गाण्यावर हात चालवतात ना? ठोका कुठून आला याच्याशी रोपाला काय देणंघेणं?

मामा : रोपाला नसेल, बायकांना आहे. मोबाइल दमत नाही. म्होरक्या दमायचा, माणसं दमली हे त्याला कळायचं, तो चाल उतरवायचा, एखादं कडवं लांबवून दम द्यायचा. सांगणारा ओढणाऱ्यांपैकीच एक होता. यंत्राचा ठोका माणसाकडे बघत नाही. हे मी इंजिनखोलीत शिकलो.

भाची : हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण मग एक सांग. चैत्रात कामदा एकादशीला आपल्या पंचवटीतून रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोर लावून माणसं ओढतात. व्यापार नाही, पगार नाही, मालक नाही. रामाच्या नावाच्या आरोळीवर दोर ताणला जातो. ते तुझ्या कसोटीत बसतं का?

मामा : बसतं. पूर्ण बसतं. वजन खरं आहे, दोर खरा आहे, आणि आरोळी चुकली तर रथ अडतो.

भाची : मग कामाचं कारण बदललं तरी चालतं. पोटासाठी असो, देवासाठी असो. एकत्र जोर लावायचा असेल तर माणसं गातातच. मग माझी मुलं 'वेलरमन' म्हणताना एकमेकांचा श्वास सांभाळतात, एक दमला की दुसरा उचलतो, हे काम नाही?

मामा : कामाच्या जवळचं आहे. मी एवढंच म्हणतो, गा, पण सांगून गा. हे कुणाचं, कुठलं, त्यांना मजुरी कशात मिळायची, हे आधी सांगा. आणि त्याच कार्यक्रमात एक भलरी ठेवा. ओटागोचे खलाशी नाशिकच्या पोरांना माहीत, आणि निफाडच्या रानातला म्होरक्या माहीत नाही, हे बरं दिसत नाही.

भाची : भलरी ठेवते. पण ती पोरं टी-शर्ट घालून म्हणतील आणि मागे ढोलही वाजेल. चालेल?

मामा : पियानो नको म्हणजे झालं.

वाद इथे थांबला, मिटला नाही. आणि दोघांपैकी कुणी सगळं सोडलंही नाही. तरी एका गोष्टीवर दोघांचं जमलं, आणि ती आपल्या सर्वांच्या हातातली आहे. कामाच्या गाण्याचा अर्थ शब्द, ठोका आणि गाणाऱ्यांची परिस्थिती या तिन्हींत वाटलेला असतो. नुसते शब्द उतरवून घेतले तर एक तृतीयांश गाणं हाती लागतं. आपल्या जिल्ह्यात मोट हाकलेली, भलरी सांगितलेली, जात्यावर बसलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ती घरात असतील तर या सुटीत त्यांच्याजवळ बसा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि गाण्याबरोबर तीन प्रश्न विचारा : हे कोणत्या कामाला म्हणायचात, किती जणं असायचात, आणि जोर कुठे द्यायचात? शक्य असेल तर त्यांच्या हातात विळा किंवा जात्याचा खुंटा देऊन विचारा. हात चालू लागले की विसरलेलं कडवंही पुष्कळदा आपोआप ओठांवर येतं.